ब्लूटूथ स्पीकर घेताय? घरासाठी आणि बाहेरसाठी निवड कशी करायची, पुण्यातल्या नवख्यांसाठी सगळे टप्पे

नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांसोबत मी स्पीकर घ्यायला गेले आहे. गोंधळ दर वेळी एकाच जागी होतो. आपण दुकानात शिरतो, विक्रेता वॅट सांगतो, स्पीकरवरचे दिवे लुकलुकतात, धडधड वाजणारं एखादं गाणं लागतं आणि पाच मिनिटांत पैसे देऊन आपण बाहेर. घरी आल्यावर मात्र रोजची गाणी त्यावर नीट वाजत नाहीत, किंवा पहिल्याच सहलीत बॅटरी दुपारी मान टाकते.

म्हणून क्रम बदला. आधी जागा ठरवा, मग आपली गाणी लावून ऐका, आणि खोक्यावरचे आकडे सगळ्यात शेवटी बघा. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. मध्ये आकड्यांबद्दलही आहे, कारण ते वाचता आले नाहीत तर दुकानात आपल्याला कोणीही काहीही सांगू शकतं.

१. स्पीकर जास्त वेळ कुठे वाजणार?

खरेदी करताना डोळ्यांसमोर पवना धरणाकाठचा तंबू असतो, पण स्पीकर वर्षातले बहुतेक दिवस ओट्याशेजारी नाहीतर दिवाणखान्यात वाजतो. तेव्हा प्रामाणिकपणे विचार करा. सकाळी स्वयंपाक करताना अभंग, रात्री पुस्तक वाचताना हळू आवाजात काहीतरी, महिन्यातून एखादा रविवार गच्चीवर, वर्षातून दोन-तीन सहली, असं बहुतेक घरांचं असतं. मग घरातला हळू आवाज हीच मुख्य कसोटी ठरवा. बाहेरचं वाजवणं दुय्यम.

आकारांचा अंदाज यावा म्हणून बाजारात सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच कंपनीची तीन मॉडेलं सांगते. हीच घ्या असं नाही, फक्त मापासाठी. जेबीएल गो ३ तळहाताएवढा आहे, वजन साधारण २०० ग्रॅम, ताकद ४.२ वॅट, कंपनीच्या दाव्यानुसार ५ तास चालतो. फ्लिप ६ पाण्याच्या छोट्या बाटलीएवढा, ५५० ग्रॅम, ३० वॅट, १२ तास. चार्ज ५ जवळपास एक किलोचा, ४० वॅट, २० तास. बहुतेक कंपन्यांचे स्पीकर या तीन मापांच्या आसपासच सापडतील. त्यापुढे चाकं आणि मूठ असलेले पार्टी स्पीकर येतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते.

दहा बाय बाराच्या खोलीला मधलं माप पुरतं. पाठीवरच्या सॅकमध्ये घालून सिंहगड चढायचा असेल तर एक किलो वजन दुसऱ्या तासाला जाणवतं. आणि स्पीकर घरातून कधीच हलणार नसेल तर बॅटरीचा स्पीकर घेऊच नका. त्याच पैशांत विजेवर चालणारा वाय-फाय स्पीकर किंवा साधी दोन स्पीकरची जोडी जास्त चांगली वाजते.

२. वॅटचा आकडा कसा वाचायचा

खोक्यावर ‘आरएमएस’ (म्हणजे सलग देता येणारी ताकद) लिहिलेला आकडाच धरा. ‘पीएमपीओ’ लिहिलेले हजारो वॅट क्षणभराच्या, कागदावरच्या ताकदीचे असतात. त्यांचा ऐकण्याशी काही संबंध नाही.

आरएमएस दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, हेही लक्षात ठेवा. ताकद दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दसपट ताकद लागते. त्यामुळे २० वॅट की ३० वॅट यावर दुकानात वाद घालण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा खालच्या स्वरांची मर्यादा बघा. माहितीपत्रकात ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’ म्हणून एक ओळ असते, तिचा सुरुवातीचा आकडा जितका कमी तितका खर्ज खोल. गो ३ ची ती ११० हर्ट्झपासून सुरू होते, फ्लिप ६ ची ६३ हर्ट्झपासून. खर्जाचे आवाज काढायचे तर स्पीकरच्या आतल्या थरथरणाऱ्या पडद्याला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि छोट्या डबीत तेवढी जागाच नसते. कुठलंही ॲप किंवा ‘एक्स्ट्रा बेस’चं बटण हे बदलू शकत नाही.

३. पाणी आणि धूळ

पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, आणि त्याच दिवसांत आपण ताम्हिणी, लोणावळा, मुळशीकडे निघतो. तेव्हा हा टप्पा टाळू नका.

स्पीकर धूळ-पाण्यात किती टिकतो ते ‘आयपी’ या खुणेवरून कळतं. तिच्यापुढचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आयपीएक्स७ मध्ये पाण्याची हमी तीच, पण धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. कोकणात वाळूवर ठेवणार असाल तर हा फरक महत्त्वाचा. आयपीएक्स४ म्हणजे फक्त उडालेलं पाणी. स्वयंपाकघराला आणि रिमझिमीला तेवढं पुरतं.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. या चाचण्या साध्या पाण्याच्या असतात. समुद्राचं खारं पाणी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, साबण यांची हमी त्यात नसते. समुद्रावरून आल्यावर स्पीकर गोड्या पाण्याने हळुवार धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. शिवाय पाण्यात टिकणारा स्पीकर पाण्यावर तरंगेलच असं नाही. पानशेतच्या पाण्यात पडला तर तो तळाशीही जाऊ शकतो, आणि एक मीटरच्या खाली हमी संपते.

४. बॅटरी आणि चार्जिंग

बारा तास, वीस तास हे आकडे मध्यम आवाजावर, दिवे बंद ठेवून मोजलेले असतात. उघड्यावर आवाज चढवला की वेळ निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. दिवसभराच्या सहलीला खरोखर सहा तास हवे असतील तर बारा-पंधरा तासांचा दावा असलेला स्पीकर घ्या.

चार्जिंगचं तोंड टाइप-सी आहे का बघा. स्वस्त स्पीकरमध्ये यातही एक मेख असते. तोंड टाइप-सी असतं, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्ज होत नाहीत, एका बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबलच लागते. दुकानात आपली केबल आणि चार्जर लावून बघा, चार्जिंगचा दिवा लागतो की नाही ते दोन सेकंदांत कळतं.

५. ब्लूटूथची आवृत्ती आणि कोडेक

यावर फार वेळ घालवू नका. ब्लूटूथ ५ किंवा पुढचं असावं, बस. कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज लहान करून बांधायची पद्धत. आयफोन एसबीसी आणि एएसी हेच कोडेक वापरतो. एलडॅक किंवा एपीटीएक्ससाठी जास्त पैसे मोजून आयफोनवाल्यांना काहीच मिळत नाही. अँड्रॉइडवर एलडॅक चालतं, पण एवढ्याशा स्पीकरवर फरक ऐकू येईल याची आशा ठेवू नका.

ज्यांना कॅसिओ किंवा इलेक्ट्रिक गिटार जोडायची आहे त्यांनी मात्र थांबावं. ब्लूटूथवरून आवाज थोडा उशिरा येतो, बोट पट्टीवर पडतं आणि स्वर मागून येतो. अशांनी ऑक्सची खोबण (वायरने जोडायची जागा) असलेलंच मॉडेल शोधावं. नव्या मॉडेलांमधून ती हळूहळू गायब होत आहे. फोनवर बोलण्यासाठी स्पीकर हवा असेल तर माइक आहे का तेही विचारा, सगळ्यांत नसतो.

६. दुकानात ऐकणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्रोमा, विजय सेल्स, रिलायन्स डिजिटलसारख्या मोठ्या दालनांत डेमो पीस मांडलेले असतात. कामाच्या दिवशी सकाळी जा. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या भिंतीवर दहा टीव्ही चालू असतात, तेव्हा काहीही कळत नाही. शेवटी खरेदी ऑनलाइन केलीत तरी ऐकायला एकदा जाच.

निघण्यापूर्वी फोनमध्ये चार-पाच ध्वनिमुद्रणं उत्तम दर्जात डाउनलोड करून ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप चालणार नाही. फोनमधला इक्वलायझर आणि डॉल्बीसारखे इफेक्ट बंद करा. माझी यादी अशी असते.

एक, तानपुऱ्याने सुरू होणारा विलंबित ख्याल. चांगल्या स्पीकरवर जवारी झुळझुळते, तारेतून निघणारे बारीक स्वर वेगवेगळे ऐकू येतात. वाईट स्पीकरवर नुसती गुणगुण उरते. इथेच आणखी एक गोष्ट तपासून घ्या. काही स्पीकर शांतता जाणवली की आतून आवाज बंद करतात आणि पुन्हा सुरू व्हायला क्षणभर घेतात. त्यामुळे आलापाचा पहिला स्वरच गिळला जातो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हे रोज छळतं, आणि ते कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

दोन, तबल्याचा ठेका. डग्ग्यावर तळहात सरकवल्यावर आवाज जो वर चढत जातो, ती घुमक ऐका. लहान स्पीकरवर तिची जागा एक कोरडा ‘धप्प’ घेतो. लहान स्पीकरच घ्यायचा असेल तर निदान तो ‘धप्प’ स्वच्छ असावा, बाकीच्या गाण्यावर चिखल करणारा नको.

तीन, कमी वाद्यांचं एखादं भावगीत. गाणाऱ्याचे ‘स’, ‘श’, ‘च’ कानाला टोचतात का? शब्द न ताणता कळतात का? गळा माणसाचा वाटला पाहिजे, डब्यातून आल्यासारखा नाही.

चार, ढोल-ताशा किंवा नव्या सिनेमातलं दणदणीत गाणं. हे आवाज वाढवून ऐकायचं.

आता आवाजाच्या तीन पातळ्यांवर तीच गाणी लावा: जवळपास तीस टक्के, साठ टक्के आणि नव्वद टक्के. कमी आवाजात बहुतेक स्पीकर छान वाटतात, कारण आतली यंत्रणा तिथे खर्ज मुद्दाम वाढवते. आवाज चढवला की पडदा फाटू नये म्हणून तीच यंत्रणा खर्ज कापते. साठ टक्क्यांपुढे डग्गा एकदम गायब झाला आणि फक्त ताशा कर्कश उरला, तर तो स्पीकर बाहेर वापरायला कुचकामी आहे. घरात हळू ऐकणाऱ्याला तोच चालेल, म्हणून पहिला टप्पा आधी.

दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, सगळ्यांचे कान याला फसतात. आणि स्पीकर फळीच्या कोपऱ्यात ठेवलेला असेल तर बाहेर काढून काउंटरवर ठेवायला सांगा. कोपऱ्यात खर्ज फुगतो. विक्रेते याला नाही म्हणत नाहीत, फक्त आपण मागावं लागतं.

७. एक मोठा की दोन लहान?

एकच लहान स्पीकर घेतलात तर डावा-उजवा फरक जवळजवळ कळत नाही. जुनी मराठी गाणी ऐकणाऱ्यांचं यात काही नुकसान नाही, साठच्या दशकापर्यंतची बहुतेक ध्वनिमुद्रणं मोनोच आहेत, म्हणजे त्यांत डावा-उजवा भेदच नाही. नवं संगीत आवडणाऱ्यांना दोन सारख्या स्पीकरची स्टिरिओ जोडी एका मोठ्यापेक्षा जास्त आनंद देते.

पण दुसरा स्पीकर ‘पुढच्या वर्षी घेऊ’ म्हणत असाल तर सावध राहा. एकाच कंपनीच्या दोन पिढ्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. जेबीएलच्याच स्पीकर एकमेकांना जोडायच्या पद्धतींचं उदाहरण: फ्लिप ४ ‘कनेक्ट प्लस’वर चालतो, फ्लिप ५ आणि ६ ‘पार्टीबूस्ट’वर, आणि फ्लिप ७ ‘ऑराकास्ट’वर. पार्टीबूस्टचा स्पीकर ऑराकास्टवाल्याशी जोडला जात नाही. जोडी हवीच असेल तर दोन्ही एकदम घ्या.

८. आईबाबांसाठी घेत असाल तर

वरचं बरंचसं इथे बदलतं. ज्येष्ठांना फोन जोडण्याची कटकट नको असते. ठळक, दाबल्याचं बोटाला कळेल अशी बटणं, मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हची खोबण आणि एफएम रेडिओ, ही तीन वैशिष्ट्यं शोधा. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागतं, दुकानातच लावून बघा. छोट्या स्पीकरमध्ये बऱ्याचदा चार्जिंगची किंवा ऑक्सची वायरच अँटेनाचं काम करते, ती लावल्याशिवाय खरखर येते. वायर लावून एकदा दाखवून ठेवा.

आतच गाणी भरलेला सारेगामाचा कारवाँ २०१७ पासून बाजारात आहे, मराठी गाण्यांचाही मिळतो. आवाजाच्या दर्जासाठी नव्हे, पण सोपेपणासाठी तो मला आवडतो. वडिलधाऱ्यांनी स्वतःच्या हाताने गाणं लावणं ही मोठी गोष्ट आहे.

९. पैसे देण्यापूर्वी: कागद आणि खुणा

सोबत काय न्यायचं: चार्ज केलेला फोन, त्यात डाउनलोड केलेली गाणी, आपली चार्जिंग केबल आणि चार्जर. परत येताना काय हवं: जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल (महाराष्ट्रातल्या दुकानाचा क्रमांक २७ ने सुरू होतो), बिलावर स्पीकरचा सिरिअल नंबर, आणि वॉरंटीचा कागद किंवा ऑनलाइन नोंदणीचा पुरावा. सिरिअल नंबर लिहायला दुकानदार कंटाळा करतात. थांबून लिहून घ्या, सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

ब्लूटूथ स्पीकरला भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा स्पीकरच्या तळाशी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही किंवा क्रमांकच नसेल तर वस्तू तिथेच ठेवा. नामांकित कंपनीचा स्पीकर निम्म्या किमतीत मिळत असेल तेव्हा तर हे करायलाच हवं. बनावट माल खोक्यावरून ओळखू येत नाही, वजनावरून मात्र संशय येतो. कंपनीच्या संकेतस्थळावरचं वजन आणि हातातलं वजन ताडून बघा.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायरी, ऑक्स केबल, चार्जर असं सगळं मिळतं आणि घासाघीसही करता येते. तिथूनही स्पीकर घेता येईल, अट एकच: पक्कं बिल. ‘बिलाशिवाय दोनशे रुपये कमी’ हा सौदा घेऊ नका, वॉरंटी त्या दोनशे रुपयांत जाते. नंतर दुकानदार किंवा कंपनी ऐकेनाशी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवतानाही बिल लागतंच.

१०. घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी कंपनीचं ॲप टाकून अपडेट करा आणि स्पीकरला आपलं नाव द्या. सोसायटीत एकाच मॉडेलचे चार स्पीकर यादीत दिसतात, मग तुमचं गाणं शेजाऱ्यांकडे वाजतं. दोन फोन एकाच वेळी जोडता येत असतील तर घरात कोणाचा फोन आधी, हेही ठरवून टाका.

जागा बदलून आवाज बदलतो. भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला की खर्ज भरतो, कोपऱ्यात सारला की गुरगुरतो. काचेच्या टीपॉयवर आणि फ्रिजवर ठेवू नका, ते स्वतःच थरथरतात. लाकडी कपाटावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. आवाज तुटत असेल तर फोन कुठे आहे ते बघा. ब्लूटूथची मजल साधारण दहा मीटर, आणि मध्ये काँक्रीटची भिंत आली किंवा फोन मागच्या खिशात असला की ती आणखी घटते.

परत करण्याची मुदत संपण्याआधी एकदा पूर्ण चार्ज करून तो बंद पडेपर्यंत वाजवा आणि किती तास चालला ते लिहून ठेवा. बॅटरीत दोष असेल तर तो या दिवसांतच समजलेला बरा.

११. बाहेर वाजवताना

उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे खर्ज विरून जातो, आणि अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. उपाय आवाज वाढवणं नाही. स्पीकर माणसांच्या मधोमध, जवळ ठेवा. एक मीटरवर बसलेल्याला जो आवाज पुरतो, तोच चार मीटरवरच्याला पोचवायला १२ डेसिबल जास्त लागतात, म्हणजे सोळापट ताकद. तेवढ्यात बॅटरीही जाते आणि शेजारच्या तंबूतल्यांची झोपही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम साधे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं. गच्चीवरच्या कोजागरीला हे आठवा.

वेताळ टेकडी, तळजाई, किंवा कुठलाही किल्ला, इथे स्पीकर लावूच नका, असं मी मनापासून सांगते. पहाटे टेकडीवर येणारा माणूस मोराची केका ऐकायला आलेला असतो, त्याने आपली गाणी का ऐकावीत? चालताना इअरफोन वापरा, तेही एकाच कानात, मागून येणारी पावलं कळायला हवीत.

१२. सांभाळणं

लिथियमच्या बॅटरीला उन्हाचा सगळ्यात जास्त त्रास होतो. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर स्पीकर ठेवू नका. कडक उन्हात तापलेला स्पीकर लगेच चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. महिनाभर वापरणार नसाल तर निम्मी बॅटरी ठेवून कपाटात ठेवा, पूर्ण रिकामा कधीच नको. पावसाळ्यात चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट बसतंय का ते अधूनमधून बघा, ते सैल झालं की आयपी६७ चा काही उपयोग उरत नाही.

बॅटरी तीन-चार वर्षांनी दमते. वॉरंटी संपल्यावर ती बदलून मिळते का आणि कितीला, हे खरेदीच्या वेळीच सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. स्पीकर उघडला गेला की पाण्यापासूनची हमी संपली असं धरून चाला, मग तो घरातच वापरा. अगदीच निकामी झाला तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आतली बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचरा म्हणून वेगळा बांधून द्या.